‘पिकविकी’ रोग : एक नाव व त्याचे कारण

डिकन्सच्या ‘पिकविक पेपर्स’ (१८३६-३७) या कादंबरीत जो नावाचा एक स्थूल मुलगा आहे. जेवणाच्या वेळी चाकरी करता करताच तो घोरू लागतो आणि वाचकास हसू येते. १९५६ साली बर्वेल व त्यांचे सहकारी यांनी अमेरिकेतील एका अतिस्थूल रुग्णाचे वर्णन प्रसिद्ध केले. पत्त्यांच्या जुगारात हाती उत्तम पाने असतानाही या गृहस्थास झोप लागली होती! कादंबरीवरून या व्याधीस ‘पिकविकी’ हे नाव मिळाले. नाव लक्षात राहण्याजोगे होते. परंतु त्यातून सुस्ती तेवढी सूचित होई, तिचे कारण नव्हे.

ते कारण श्वसनात आहे. छाती व पोट यांवरील मेदाच्या भारामुळे श्वासपटलास पुरेसे खाली सरकता येत नाही. झोपेत घसा मिटू लागला म्हणजे श्वास वारंवार अडतो. रक्तात कार्बन डायऑक्साइड साचतो, प्राणवायू घटतो आणि दिवसाही गुंगी राहते. प्राणवायूच्या न्यूनतेने फुप्फुसांतील रक्तवाहिन्या आकुंचन पावतात. त्यांतून रक्त ढकलताना हृदयाची उजवी बाजू शिणते व अखेर पायांवर सूज येते. अर्थात ज्यास लोक आळस म्हणतात, तो पुष्कळदा श्वास व हृदय यांचा विकार असतो.

उपाय भार उतरविण्याचा. १९६६ साली मेसन व इटो यांनी आयोवा येथे जठराचा वरचा लहान भाग वेगळा करून तो लहान आतड्यास जोडण्याची शस्त्रक्रिया योजिली. तीतूनच आजच्या पद्धती विकसित झाल्या. हा विकार दूर होण्यासाठी शरीराचे २५ ते ३० टक्के वजन कायमचे घटावे, असे अमेरिकन थोरॅसिक सोसायटीने २०१९ साली सुचविले. एवढी घट शस्त्रक्रियेने साधण्याचा संभव अधिक.

हृदयाविषयीचा पुरावा स्वीडनमधील आहे. तेथील दीर्घकालीन अभ्यासाचा २०१२ सालचा निष्कर्ष असा : सुमारे १५ वर्षांत शस्त्रक्रिया झालेल्या २,०१० जणांपैकी २८, तर न झालेल्या २,०३७ जणांपैकी ४९ जण हृदय व रक्तवाहिन्यांच्या विकारांनी दगावले. मात्र हे गट चिठ्ठ्या टाकून पाडलेले नव्हते, हे ध्यानात ठेविले पाहिजे.

शिवाय ज्यांना या उपायाची गरज अधिक, त्यांनाच भूल व शस्त्रक्रिया यांचा धोकाही अधिक असतो. म्हणून आधी दाबाने हवा देणारा मुखवटा लावून श्वसन सुधारून घेतात. वजन उतरल्यावरही फेरतपासणीवाचून तो सोडणे इष्ट नव्हे.

आज वैद्यकात ‘स्थूलताजन्य अल्पश्वसन’ या अर्थाचे नाव रूढ आहे. ते जुन्या नावासारखे रंजक नाही. परंतु ते रुग्णास हसत नाही आणि वैद्यास कोठे पाहावे ते सांगते. पेंगणाऱ्या स्थूल मनुष्यास आळशी म्हणण्यापूर्वी त्याच्या श्वासाची चौकशी व्हावी, एवढे या नामांतराचे तात्पर्य होय.