पाचशे जणांच्या वर्गात

आपल्या मराठी शाळेच्या ऑनलाइन वर्गात दहा-बारा जण असतात. एखाद्याने कॅमेरा बंद केला तरी बाईंच्या लगेच लक्षात येतं. हायस्कूलच्या वर्गात पंचवीस-तीस जण असतात. पण अमेरिकेतल्या मोठ्या युनिव्हर्सिटीत पहिल्या वर्षाच्या रसायनशास्त्राला किंवा मानसशास्त्राला तीनशे, पाचशे, कधी त्याहूनही जास्त विद्यार्थी एकाच हॉलमध्ये बसतात. तुम्ही आलात का, तुम्हाला समजलं का, हे तिथे सहसा कोणी विचारत नाही.

तुमच्यापैकी काही जण दोन-तीन वर्षांत अशा हॉलमध्ये जाऊन बसतील. तिथे काय चालतं आणि प्रत्येक विषयाचं लेक्चर वेगळ्या प्रकारे का ऐकावं लागतं, ते या धड्यात पाहू.

लेक्चर म्हणजे काय?

हा शब्द लॅटिन भाषेतून आला. त्याचा मूळ अर्थ आहे ‘वाचणे’. छपाई सुरू होण्याआधी युरोपात पुस्तकं हाताने लिहीत असत. ती फार महाग असायची. म्हणून शिक्षक पुस्तकातून मोठ्याने वाचत, अर्थ सांगत आणि विद्यार्थी ऐकून लिहून घेत. पुढे पुस्तकं स्वस्त झाली, इंटरनेट आलं, तरी लेक्चर टिकलं. एक शिक्षक एका वेळी शेकडो जणांना शिकवू शकतो, हे त्याचं एक मोठं कारण.

मराठीत ‘व्याख्यान’ हा शब्द आहे. पण महाराष्ट्रातली कॉलेजची मुलंसुद्धा ‘आज दोनच लेक्चरं आहेत’ असंच म्हणतात. आणि घरी कोणी फार उपदेश करायला लागलं, की आपण म्हणतो, ‘आता लेक्चर देऊ नकोस!’

हॉल तोच, काम वेगळं

लांबून पाहिलं तर सगळी लेक्चरं सारखीच दिसतात. पुढे एक माणूस बोलतो, समोर शेकडो जण ऐकतात. पण विषय बदलला की काम बदलतं.

*रसायनशास्त्र.* बर्कलीच्या कॅलिफोर्निया युनिव्हर्सिटीत पिमेंटेल हॉल नावाचं सभागृह आहे. तिथलं व्यासपीठ गोल फिरतं आणि त्याचे तीन भाग आहेत. पुढच्या भागावर लेक्चर चालू असताना मागच्या भागावर दुसऱ्या प्रयोगाची मांडामांड करता येते. एवढी सोय कशासाठी? कारण या विषयात प्रयोग डोळ्यांनी बघणं महत्त्वाचं असतं. पण नुसतं बघून भागत नाही. हार्वर्डमध्ये भौतिकशास्त्राच्या वर्गात याचा अभ्यास झाला आणि तो २००४ मध्ये प्रसिद्ध झाला. ज्यांनी प्रयोग फक्त पाहिला, त्यांना तो न पाहिलेल्यांपेक्षा फारसं जास्त समजलं नव्हतं. ज्यांनी ‘आता काय होईल?’ याचा आधी अंदाज केला होता, त्यांना जास्त समजलं. म्हणून प्रयोग सुरू होण्याआधी तुमचा अंदाज वहीत लिहा. तो चुकला तर उत्तमच. चुकलेला अंदाज चांगला लक्षात राहतो.

*गणित.* इथे फळ्यावरची प्रत्येक पायरी आधीच्या पायरीवर उभी असते. तिसरी पायरी सुटली, तर चौथीपासून पुढचं सगळं परकं वाटतं. जिथे समजलं नाही, तिथे वहीत मोठं प्रश्नचिन्ह काढा आणि पुढे लिहीत राहा. घरी आल्यावर नेमकं कुठे अडलं, ते सापडतं.

*कॉम्प्युटर सायन्स.* हार्वर्डमधल्या ‘सीएस ५०’ या प्रसिद्ध कोर्समध्ये प्रोफेसर डेव्हिड मालन एक जाडजूड फोन बुक घेतात. त्यातलं एक नाव शोधायचं आहे. ते पुस्तक बरोबर मध्ये उघडतात. नाव ज्या अर्ध्या भागात नसेल, तो भाग चक्क फाडून टाकतात! मग उरलेल्याचं पुन्हा अर्धं. हजार पानांच्या पुस्तकात अशा साधारण दहा पायऱ्यांत हवं ते पान मिळतं. ही कल्पना दोन मिनिटांत पटते. पण तीच प्रोग्राममध्ये उतरवायला बसलं की दोन तास जातात. या विषयात लेक्चर फक्त दार उघडतं. खरं शिकणं कीबोर्डवर होतं.

*तत्त्वज्ञान.* हार्वर्डमध्येच प्रोफेसर मायकल सँडेल यांचा न्याय या विषयावरचा कोर्स हजारभर विद्यार्थ्यांसमोर व्हायचा. सुरुवातीलाच ते एक अवघड प्रश्न विचारतात. ब्रेक नसलेली ट्रॉली रुळावरून वेगाने येते आहे. पुढे पाच कामगार आहेत. ती बाजूच्या रुळावर वळवली, तर तिथे एकच कामगार आहे. वळवायची का? विद्यार्थी उभे राहून मायक्रोफोनवर उत्तरं देतात, एकमेकांशी वाद घालतात. इथे पाठ करण्यासारखं फार काही नसतं. कोण काय म्हणालं, त्याने कारण काय दिलं आणि त्यावर कोणता आक्षेप आला, या तीन गोष्टी टिपायच्या असतात.

सीएस ५० आणि सँडेल यांची लेक्चरं इंटरनेटवर मोफत आहेत. एकेक जरूर बघा.

समजल्यासारखं वाटणं

चांगला वक्ता बोलत असतो. सगळं सोपं वाटतं. आपण मान डोलावतो. आणि नेमका इथेच घोटाळा होतो.

२०१९ मध्ये हार्वर्डमधला आणखी एक अभ्यास प्रसिद्ध झाला. काही विद्यार्थ्यांनी अनुभवी शिक्षकाचं छान लेक्चर नुसतं ऐकलं. बाकीच्यांनी तोच भाग गटात बसून, स्वतः गणितं सोडवत शिकला. लेक्चर ऐकणाऱ्यांना वाटलं, आपण जास्त शिकलो. चाचणीत मात्र स्वतः धडपडणाऱ्यांना जास्त गुण मिळाले. डोक्याला त्रास झाला की आपल्याला वाटतं, ‘मला जमत नाही.’ खरं तर तेव्हाच आपण शिकत असतो.

हार्वर्डचे भौतिकशास्त्राचे प्रोफेसर एरिक माझूर १९९०च्या दशकापासून वेगळ्या पद्धतीने शिकवू लागले. ते मध्येच थांबून एक प्रश्न विचारतात. प्रत्येकाने आपलं उत्तर नोंदवायचं. मग शेजारच्याला ते पटवून द्यायचं. मग पुन्हा उत्तर द्यायचं. आज अनेक मोठ्या वर्गांत क्लिकर किंवा फोन वापरून असंच करतात. पाचशे जणांच्या हॉलमध्येही शेजारी तर एकच असतो ना!

मग तुम्ही काय करायचं?

तुमच्या आई-बाबांनी भारतात कॉलेज केलं असेल, तर त्यांना ७५ टक्के हजेरीचा नियम आठवत असेल. इथल्या मोठ्या लेक्चरमध्ये बऱ्याचदा हजेरीच नसते. ही मोकळीक छान वाटते. पण पहिल्या परीक्षेपर्यंत तुम्ही मागे पडला आहात, हे कोणाच्याच लक्षात येत नाही. कधी कधी तुमच्याही नाही. म्हणून या चार सवयी आतापासून लावा:

१. जाण्याआधी धड्यावर दहा मिनिटं नजर टाका.
२. सगळं उतरवून घेऊ नका. विषय पाहून ठरवा: अंदाज, पायऱ्या की युक्तिवाद?
३. त्याच दिवशी वही मिटा आणि लेक्चरमधलं आठवेल तेवढं कोऱ्या कागदावर लिहा. जे आठवलं नाही, ते अजून शिकायचं आहे.
४. ‘ऑफिस अवर्स’ला जा. त्या वेळी प्रोफेसर विद्यार्थ्यांशी बोलण्यासाठीच बसलेले असतात. तो वेळ तुमचाच आहे.

पण तिथे जाऊन बोलायचं काय? ‘मला काहीच कळलं नाही’ असं म्हटलं, तर मदत कुठून सुरू करायची तेच त्यांना कळणार नाही. वहीतलं ते मोठं प्रश्नचिन्ह दाखवा आणि म्हणा, ‘मला इथपर्यंत समजलं. पुढची पायरी कशी आली?’

शब्दार्थ

व्यासपीठ – सभागृहात वक्ता उभा राहतो ती उंच जागा
उपदेश – कसं वागावं ते सांगणं
युक्तिवाद – आपलं म्हणणं पटवण्यासाठी दिलेली कारणं
आक्षेप – ‘हे मला पटत नाही’ असं कारण देऊन सांगणं
मान डोलावणे – हो म्हणण्यासाठी मान हलवणे

विचार करा, लिहा

१. फिरत्या व्यासपीठाचा उपयोग काय? दोन वाक्यांत लिहा.
२. लेक्चर ऐकणाऱ्यांना आपण जास्त शिकलो असं का वाटलं असेल?
३. तुम्ही ट्रॉली वळवाल का? तुमचं उत्तर, त्याचं कारण आणि त्यावरचा एक आक्षेप लिहा.
४. आई-बाबांना किंवा आजी-आजोबांना विचारा: त्यांच्या कॉलेजच्या वर्गात किती जण होते? शंका आली तर ते कोणाला विचारायचे? पाच वाक्यं लिहून आणा.