जहाज सुटण्यापूर्वीचा मुक्काम

आगगाडी चुकली, तर मागाहून येणाऱ्या गाडीने जाता येते. जहाज चुकले, तर मात्र धक्क्यावर उभे राहून ते दूर जाताना पाहण्यावाचून गत्यंतर नसते. जहाज सुटण्याची वेळ बंदरातील वाटाड्या, जहाज ओढणाऱ्या बोटी आणि धक्क्यावरील जागा यांच्याशी बांधलेली असते. एका कुटुंबासाठी ते थांबत नाही. शिवाय प्रवाशांची कागदपत्रे व सामान तपासावयाचे असल्यामुळे जहाजावर चढण्याची मुदत ते सुटण्याच्या बरीच आधी संपते. म्हणून दूरगावचा शहाणा प्रवासी आदल्या दिवशीच बंदराच्या शहरी येऊन राहतो. हा मुक्काम कोठे करावा, हे ठरविण्यास थोडा विचार लागतो.

मुंबईचे उदाहरण या बाबतीत बोधप्रद आहे. हे शहर दक्षिणोत्तर लांब आणि अरुंद आहे. सहलीला जाणारी मोठी जहाजे, ज्यांना क्रूझ म्हणतात, ती शहराच्या दक्षिण भागातील बॅलार्ड पिअर या धक्क्यावरून निघतात. हा धक्का पूर्व किनाऱ्यावर आहे. समजा, एक कुटुंब या प्रवासासाठी नागपूरहून निघाले. विमानतळाजवळ त्यांना स्वस्त खोली मिळाली, तर पैसे वाचल्यासारखे वाटेल; परंतु तेथून धक्का वीस किलोमीटरांहून अधिक दूर आहे. वाटेत वाहनांची गर्दी झाली, म्हणजे तासाच्या रस्त्याला दोन तास लागतात. टॅक्सीचे भाडे द्यावे लागते ते वेगळेच! याउलट फोर्ट विभागातील साध्या खोलीला भाडे थोडे अधिक पडले, तरी तेथून धक्का अगदी जवळ असतो. म्हणून मुक्कामाचे अंतर किलोमीटरांबरोबरच घड्याळानेही मोजावे.

नवख्या माणसाची आणखी एक फसगत होते. खिडकीतून समुद्र दिसला, की बंदर जवळच आहे असे त्याला वाटते. मरीन ड्राइव्हवरून समुद्र उत्तम दिसतो. पण तो पश्चिमेचा. जहाज उभे असते पूर्वेला! तेव्हा धक्क्याचे नाव आणि प्रवेशद्वार यांची चौकशी आधीच करावी. खोली किती वाजता सोडावी लागते आणि त्यानंतर सामान ठेवण्याची सोय आहे काय, हेही विचारावे. नाहीतर भर उन्हात पेट्या सांभाळीत रस्त्यावर बसण्याची पाळी येते.

हा विचार काही आजचा नाही. जहाजांवर नोकरी करणारे गोव्याचे खलाशी पूर्वी धोबी तलाव, माझगाव या भागांतील आपापल्या गावाच्या ‘कुडां’त उतरत. पथारी पसरण्यापुरती जागा, एक पेटी आणि सायंकाळची सामुदायिक प्रार्थना, एवढाच तेथील थाट असे. परंतु भाडे अल्प असे, बंदर जवळ असे आणि कोणत्या जहाजावर माणसे हवी आहेत ही बातमी गावकऱ्यांकडून कळे. हजला समुद्रमार्गे जाणारे यात्रेकरूही क्रॉफर्ड मार्केटजवळच्या मुसाफिरखान्यात उतरत. हा जलमार्ग 1995 मध्ये बंद झाला.

या लोकांनी मुक्कामात ऐषआराम शोधला नाही. उद्याच्या प्रवासाला जे उपयोगी पडेल, तेच त्यांनी पाहिले. समुद्रप्रवासाची सुरुवात जहाजावर पाऊल ठेवल्यावर होते, असे आपण समजतो. वास्तविक ती आदल्या रात्रीच्या मुक्कामापासूनच झालेली असते.