प्रकाशाशिवाय छायाचित्र?



२८ सप्टेंबर २०२१ रोजी यवतमाळ जिल्ह्यातील उमरखेडजवळ दहागाव येथील नाल्याला पूर आला होता. पाणी पुलावरून वाहत असतानाच एस. टी. ची एक बस पुलावर शिरली आणि प्रवाहाबरोबर वाहून गेली. या दुर्घटनेत काही जणांना प्राण गमवावे लागले. काठावरच्या लोकांनी मोबाइलवर टिपलेली ती दृश्ये साऱ्या महाराष्ट्राने पाहिली. ‘हे खरे कशावरून?’ असे विचारण्याची गरज तेव्हा फारशी कोणाला वाटली नसेल.

आज मात्र तो प्रश्न विचारावा लागतो. ‘पुरात अडकलेली लाल बस, पावसाळी आभाळ, छायाचित्र’ एवढे शब्द लिहिले, की कृत्रिम बुद्धिमत्तेवर चालणारी संगणक-प्रणाली थोड्याच वेळात तसे चित्र तयार करून देते. अशा प्रणालीला आपण ‘चित्रजनक’ म्हणू. असे चित्रजनक आज अनेक आहेत. साहजिकच, ‘यांपैकी सर्वांत हुबेहूब चित्र कोणता काढतो?’ असा प्रश्न तुमच्या मनात येईल. त्याचे उत्तर शास्त्रीय रीतीने कसे शोधायचे, ते आज पाहू.

छायाचित्र म्हणजे काय?

कॅमेऱ्यात काय घडते ते आधी आठवा. बसवर पडलेला सूर्यप्रकाश परावर्तित होतो, भिंगातून आत येतो आणि प्रकाशसंवेदी पट्टीवर पडतो. पट्टीवरील प्रत्येक सूक्ष्म घर आपल्यावर किती प्रकाश पडला ते मोजते. या मोजमापांचा तक्ता म्हणजेच छायाचित्र. बस तेथे नसती, तर तिच्याकडून प्रकाश आला नसता आणि तक्त्यात तिची नोंदही झाली नसती. छायाचित्राला साक्षीदार मानतात ते यामुळेच.

मुंग्यांतून चित्र

चित्रजनकाला मात्र भिंग नाही आणि त्याच्यापुढे बसही नाही. मग तो चित्र कोठून आणतो?

अँटेना हलला, की जुन्या टीव्हीच्या पडद्यावर काळ्या-पांढऱ्या ‘मुंग्या’ दिसत. समजा, एका छायाचित्रावर आपण अशा थोड्या मुंग्या टाकल्या, मग आणखी थोड्या, असे करत शेवटी सगळ्या मुंग्याच उरल्या. आता संगणकाला प्रत्येक पायरीवर विचारायचे, “यात भर कोणत्या ठिपक्यांची पडली आहे, ओळख पाहू!” कोट्यवधी चित्रांवर हा सराव झाला, की संगणक मुंग्या वेचून काढण्यात तरबेज होतो. मग त्याला नुसत्या मुंग्यांचा पडदा द्यायचा आणि ‘लाल बस’ असे शब्द सांगायचे. तो पायरीपायरीने मुंग्या काढत जातो आणि आधी कधीच नसलेली बस पडद्यावर उमटते! या पद्धतीची मूळ कल्पना २०१५ साली मांडली गेली आणि २०२० मध्ये तिला उत्तम यश आले. काही चित्रजनक याहून वेगळ्या रीतीने, चित्राचा एकेक तुकडा क्रमाने ठरवत जातात.

२०२२ हे वर्ष या क्षेत्रात महत्त्वाचे ठरले. एप्रिलमध्ये ‘डाल-ई २’ जाहीर झाला, जुलैमध्ये ‘मिडजर्नी’ लोकांसाठी खुला झाला आणि ऑगस्टमध्ये ‘स्टेबल डिफ्यूजन’ आला. पहिले दोन त्यांच्या कंपन्यांच्या संगणकांवरच चालत. तिसरा कोणालाही आपल्या संगणकावर उतरवून घेता येई. त्यात एक युक्ती होती. ५१२ × ५१२ ठिपक्यांच्या रंगीत चित्रात ७,८६,४३२ संख्या असतात. स्टेबल डिफ्यूजन त्यांचे संक्षिप्त रूप करून अवघ्या १६,३८४ संख्यांवर, म्हणजे ४८ पटींनी कमी संख्यांवर काम करतो. त्यामुळे वेळ वाचतो, पण दूरच्या माणसाचा चेहरा किंवा पाटीवरची अक्षरे यांसारखे बारीक तपशील बिघडण्याचा धोका राहतो. पुढे यात बरीच सुधारणा झाली. २०२४ मध्ये ‘फ्लक्स’ आला. २०२५ मध्ये चॅटजीपीटी आणि जेमिनी यांच्यातच अधिक सफाईदार चित्रजनक जोडले गेले.

तुलना कशाची?

नुसते ‘कोणता चांगला?’ असे विचारून भागत नाही. शंभर मीटर धावणारा आणि गोळा फेकणारा यांत चांगला खेळाडू कोण, असे विचारण्यासारखे ते आहे. आपण तीन वेगवेगळ्या कसोट्या लावू.

पहिली कसोटी : चित्र छायाचित्रासारखे दिसते का? त्वचा, पाणी, धूळ, प्रकाश हे नैसर्गिक वाटतात का?

दुसरी कसोटी : सांगितले तेच काढले का? तीन बैल सांगितले तर तीनच आले का? बसच्या पाटीवर ‘उमरखेड’ ही अक्षरे नीट उमटली का? देवनागरी जोडाक्षरे आणि काना-मात्रा ही फार चांगली परीक्षा आहे. ‘सहस्रकुंड’ लिहायला सांगून पाहा!

तिसरी कसोटी : चित्र त्या जागेचे आहे का? पैनगंगेवरील सहस्रकुंडचा धबधबा तुमच्यापैकी काहींनी पाहिला असेल. तो काळ्या कातळावरून अनेक धारांनी कोसळतो. चित्रजनकाने काढलेला धबधबा कितीही सुंदर असो, तो सहस्रकुंड आहे का?

या तिसऱ्या कसोटीवर चित्रजनक का अडखळतात, याचे कारण त्यांच्या शिक्षणात आहे. स्टेबल डिफ्यूजनला शिकवण्यासाठी वापरलेली चित्रे ‘लायन-५बी’ या संग्रहातून निवडली होती. इंटरनेटवरून गोळा केलेल्या या संग्रहात ५८५ कोटी चित्रे व त्यांची वर्णने होती. त्यांपैकी २३२ कोटी वर्णने एकट्या इंग्रजीत होती. ज्या जागेची चित्रे अशा संग्रहात भरपूर, ती जागा चित्रजनक ओळखतो. जिची थोडी, तिच्याऐवजी तो ‘साधारण भारतीय गाव’ किंवा ‘साधारण धबधबा’ काढून देतो. गंमत अशी, की पहिल्या कसोटीत त्याला पैकीच्या पैकी गुण मिळू शकतात आणि तिसरीत शून्य. हुबेहूबपणा आणि खरेपणा या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत. एक वाढली म्हणून दुसरी वाढत नाही.

वर्गात करण्याजोगा प्रयोग

शिक्षकांच्या मदतीने हा प्रयोग करा. उमरखेडचा बाजार, कापसाचे शेत, नदीचा घाट अशा विषयांची तुम्ही स्वतः काढलेली १० छायाचित्रे घ्या. त्याच विषयांवर चित्रजनकाकडून १० चित्रे करून घ्या. पुढील पथ्ये मात्र पाळा :

१. तुलना करायच्या सर्व चित्रजनकांना अगदी एकच वाक्य द्या.

२. मिळालेल्यांतून चांगले चित्र निवडू नका, पहिलेच घ्या. मुंग्या दर वेळी वेगळ्या असल्यामुळे चित्रही वेगळे येते. निवड केली, की तुलना चित्रजनकांची न राहता तुमच्या निवडीची होते.

३. सर्व चित्रे एकाच आकारात छापा आणि पत्त्यांसारखी पिसा.

४. चित्रजनकाचे नाव, आवृत्ती आणि तारीख लिहून ठेवा. आज काढलेला निष्कर्ष सहा महिन्यांनी लागू पडेलच असे नाही.

आता ज्यांना उत्तरे ठाऊक नाहीत अशा मुलांना प्रत्येक चित्र ‘खरे’ की ‘बनवलेले’ ते लिहायला सांगा. नाणे उडवून उत्तर दिले, तरी २० पैकी सरासरी १० उत्तरे बरोबर येतात. तेव्हा वर्गाची सरासरी १० च्या जवळ आली, तर चित्रजनक जिंकला असे समजा! १५ किंवा अधिक उत्तरे नुसत्या नशिबाने बरोबर येण्याची शक्यता सुमारे २ टक्के आहे. म्हणजे १०० मुलांत दोघे असे निघू शकतात. म्हणून एखाद्याच्या गुणांवरून ‘याची नजर तीक्ष्ण’ असे लगेच ठरवू नका. दुसऱ्या चित्रजनकाच्या १० चित्रांसाठी हाच प्रयोग नव्या मुलांबरोबर करा आणि दोन्ही सरासऱ्या ताडून पाहा.

सावलीची साक्ष

बनवलेले चित्र ओळखण्यासाठी फूटपट्टीची एक कृती करून पाहा. उन्हातल्या छायाचित्रात खांबाचे टोक आणि त्याच्या सावलीचे टोक जोडणारी सरळ रेषा काढा. तशीच झाडासाठी आणि माणसासाठी काढा. सूर्य एकच असल्यामुळे या सर्व रेषा वाढवल्या असता एकाच बिंदूत मिळतात, किंवा एकमेकींना समांतर राहतात. चित्रजनकाने भूमितीचे नियम पाळलेले नसतात. सावल्या कशा दिसतात एवढेच त्याने पाहिलेले असते. त्यामुळे त्याच्या रेषा पुष्कळदा भलतीकडे जातात. अर्थात रेषा नीट जुळल्या म्हणजे चित्र खरे, असे मात्र सिद्ध होत नाही. पुढचा चित्रजनक हेही साधेल.

म्हणून शेवटी नजरेपेक्षा चौकशी अधिक कामाची. पावसाळ्यात ‘पैनगंगेचा पूल बुडाला’ असे चित्र मोबाइलवर आले, तर ते पुढे पाठवण्याआधी तीन प्रश्न विचारा : हे कोणी टिपले? कोठे? केव्हा? खोट्या चित्रामुळे लोक घाबरून पळतील, हा एक धोका झाला. दुसरा धोका त्याहून मोठा आहे. खोटी चित्रे इतकी होतील, की खरोखर बस वाहून जात असतानाचे चित्रही कोणी खरे मानणार नाही आणि मदत उशिरा निघेल.

काठावर उभे राहून दृश्य टिपणारा माणूस ‘मी तेथे होतो’ असे सांगू शकतो. कोणताही चित्रजनक, तो तुलनेत पहिला आला तरी, हे सांगू शकत नाही.