लाल माशानं रक्त वाढतं का?

“ताई, लेक बाळंत झालीय, डॉक्टरांनी रक्त कमी सांगितलंय. लाल मासा घालू का?” वस्तीत फिरताना आम्हाला हा प्रश्न हमखास येतो. एका आजीनं तर उसने पैसे घेऊन तांबोशी आणली होती. म्हणून या वेळी त्या माशाविषयीच लिहितो आहोत.

तांबोशी ही स्नॅपर घराण्यातली. तिची पिल्लं खाडीत, कांदळवनात वाढतात आणि मोठी झाली की खोल पाण्याकडे जातात. याच घराण्यातला ओनागा हवाई बेटांजवळ 200-300 मीटर खोल, खडकाळ उतारांवर सापडतो. अंगानं लालभडक. सूर्याचा लाल उजेड पाण्यात वरच्या वरच विरतो, त्यामुळे तेवढ्या खोलात लाल मासा काळाच दिसतो आणि शत्रूच्या नजरेतून सुटतो. हा रंग कातडीतला. कोळंबीसारखे जीव खाऊन तो येतो आणि गाजराच्या रंगाचा तो भाऊबंद आहे. रक्ताशी त्याचा काही संबंध नाही. तिकडेही नव्या वर्षाला लाल मासा शुभ मानतात आणि भाव चढतो, म्हणजे रंगाला भुलणारे आपणच नाही!

खोलातले हे मासे सावकाश वाढतात. हवाईचाच ओपाकापाका 40 वर्षांहून जास्त जगतो, हे त्याच्या कानातले खडे तपासून कळलं. असा मासा उपसून काढला तर भरपाईला फार काळ लागतो, म्हणून तिथं वर्षाला किती धरायचा याची मर्यादा ठरलेली आहे.

आता ताटातलं बघू. स्नॅपरच्या 100 ग्रॅम कच्च्या मांसात साधारण 20 ग्रॅम प्रथिनं असतात, चरबी दीड ग्रॅमच्या आत. बी-12 जीवनसत्त्व भरपूर. पचायला हलका, आजाऱ्याला चांगला. पण लोह? अर्धा मिलिग्रॅमही नाही. महाराष्ट्रात 15 ते 49 वयाच्या निम्म्याहून जास्त बायकांच्या अंगात रक्त कमी आहे, असं 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत दिसलं. ती उणीव तांबोशीनं भरून निघणार नाही.

प्रथिनं मांदेली आणि तारलीतही तशीच मिळतात, आणि बारीक काट्यांसकट खाल्ली तर कॅल्शियमही. शिवाय मोठ्या, म्हाताऱ्या माशात पारा साठत जातो, लहान माशात तो कमी. गरोदर बाईला म्हणून लहान मासाच बरा. सुकट-बोंबील खायचे तर आधी पाण्यात भिजवून मीठ काढा. बीपी असलेल्यांनी तर नक्कीच.

रक्तासाठी कोंबडीची कलेजी आठवड्यातून एकदा (गरोदरपणी ती वरचेवर नको), बाजरीची भाकरी, पालेभाजीवर लिंबू. मासा-मटण सोबत असलं की भाजी-भाकरीतलं लोहही अंगी जास्त लागतं, एवढा माशाचा उपयोग खरा. जेवणावर लगेच चहा मात्र नको, तो लोह अडवतो.

आणि लोहाच्या गोळ्या. सरकारी दवाखान्यात त्या फुकट मिळतात, बाळंतपणानंतर 180 दिवस घ्यायच्या असतात. शौचाला काळं होतं म्हणून अनेकजणी मधेच सोडतात. काळं होणं साहजिक आहे, घाबरू नका. मळमळ होत असेल तर जेवणानंतर घ्या आणि आशाताईंना सांगा.