रॉकेटचा बोर्ड बनविणाऱ्यांनी सुरुवात कोठून करावी?

१८ नोव्हेंबर २०२२ रोजी हैदराबादच्या स्कायरूट कंपनीचे 'विक्रम-एस' उडाले. खासगी कंपनीने बनविलेले ते भारतातील पहिले रॉकेट. तेव्हा इलेक्ट्रॉनिक्सचे हुन्नर हाती असलेल्या तरुणांनी या कामाकडेही पाहावे, असे आम्हास वाटते.

रॉकेटमधील बोर्ड हवेचा दाब व वेग मोजतो, नोंदी ठेवतो आणि योग्य क्षणी पॅराशूट सोडतो. बोर्ड जोडणे तितके अवघड नाही. खरी कसोटी त्यावरील सॉफ्टवेअरची. ते पहिल्या ओळीपासून लिहीत बसण्याची गरज नाही. अमेरिकेच्या नासाच्या जेट प्रोपल्शन लॅबोरेटरीने तयार केलेला 'एफ प्राइम' हा सांगाडा २०१७ पासून सर्वांना मोफत खुला आहे. मंगळावर २०२१ ते २०२४ या काळात ७२ उड्डाणे करणारे 'इन्जेन्युइटी' हेलिकॉप्टर याच सांगाड्यावर चालले.

याची रचना एखाद्या कारखान्यासारखी आहे. प्रत्येक काम एका स्वतंत्र घटकाकडे असते. एक दाब मोजतो, दुसरा नोंद ठेवतो, तिसरा पॅराशूटचा हुकूम देतो. घटक आपसांत फक्त ठरलेल्या खिडक्यांतूनच देवघेव करतात. त्यांना 'पोर्ट' म्हणतात. त्यामुळे सेन्सर बदलला तर एकच घटक बदलावा लागतो, बाकीचे जसेच्या तसे राहतात.

सुरुवात बोर्ड विकत न घेता करावी. लिनक्सच्या साध्या संगणकावर एफ प्राइम बसवावे, त्यातील नमुना चालवावा, पडद्यावरून हुकूम पाठवून उत्तर येते का ते पाहावे. यासाठी सी प्लस प्लस भाषा यावी लागते. मग छोट्या बोर्डवर एक दिवा लुकलुकता करावा. त्यानंतरच दाबाचा सेन्सर जोडावा. रॉकेट वर जाताना दाब घटतो, खाली येऊ लागताच वाढतो. मात्र एकाच वाढीव आकड्यावर पॅराशूट सोडू नये. लागोपाठ काही आकडे तसेच आले तरच सोडावे. चाचणीत दारूच्या जागी छोटा बल्ब लावावा. स्फोटक पदार्थ विनापरवाना हाताळू नयेत.

तयार माल मिळाला म्हणून तपासणी टाळू नये. ४ जून १९९६ रोजी युरोपचे एरियन-५ रॉकेट उड्डाणानंतर ४० सेकंदांच्या आत नष्ट झाले. एरियन-४ मधील सॉफ्टवेअरचा भाग नव्या रॉकेटच्या वेगासाठी न तपासताच वापरला होता. ज्या जागेत ३२,७६७ पेक्षा मोठी संख्या मावत नाही, तेथे त्याहून मोठी संख्या आली आणि दिशा सांगणारी यंत्रणाच बंद पडली. आधीच्या रॉकेटमध्ये तोच भाग बिनचूक चालत होता.

म्हणून आमचा सल्ला एवढाच : सांगाडा दुसऱ्याचा घ्या, पण तपासणी स्वतः करा. या धंद्यात गिऱ्हाईक बोर्डाचे नव्हे, भरवशाचे पैसे देते.