सायकलच्या चाकांत रुतलेली कॅसेट

कॅसेट हा शब्द ऐकतांच पुष्कळांस गाण्यांच्या फितीची डबी आठवेल. परंतु सायकलच्या जगांत तें निराळ्याच वस्तूचें नांव आहे. गिअरच्या सायकलीस मागील चाकाच्या उजव्या अंगास लहानमोठ्या दंतचक्रांचा जो गुच्छ दिसतो, त्यास कॅसेट म्हणतात. चक्रांचे दांते झिजले म्हणजे ती काढावी लागते. इतकेंच नव्हे, तर त्या अंगाचा एखादा आरा तुटला तरीहि बहुधा ती उतरविल्यावांचून नवा आरा ओंवतां येत नाहीं. ती निघेना म्हणजे छिन्नी व हातोडा हातीं घेणारे गृहस्थहि आहेत आणि कारागीरहि. त्या घावांनीं कॅसेटचें फारसें बिघडत नाहीं. बिघडतो तो तिच्या आंतील तुंबा, आणि मग सबंध चाकच बदलण्याची पाळी येते.

चाकाच्या तुंब्यास लागून एक नळकांडें असतें. त्यास फ्रीहब म्हणतात. शिमानो या जपानी कारखान्यानें १९७८ सालीं ही रचना प्रचारांत आणली. नळकांड्याच्या बाहेरील अंगावर उभ्या खांचा असतात. बांगड्या हातांत सरकवाव्या तशीं दंतचक्रें त्यांवर सरकवितात आणि शेवटीं लॉकरिंग नांवाचें एक कडें आट्यांवर फिरवून तीं जखडतात. रुतण्याच्या जागा, अर्थात्, दोन आहेत: एक हें कडें, आणि दुसरी त्या खांचा.

जुन्या धर्तीच्या सायकलींवर मात्र कॅसेट नसून फ्रीव्हील असतें. तें सबंधच तुंब्याच्या आट्यांवर बसतें आणि स्वाराच्या प्रत्येक रेट्याबरोबर अधिक घट्ट होतें. ओळखण्याची खूण सोपी आहे. चक्रें हातानें उलट फिरवावीं. मध्यभागींचें पान्ह्याचें घर त्यांबरोबर फिरलें तर ती कॅसेट, स्थिर राहिलें तर तें फ्रीव्हील. फ्रीव्हीलचा पान्हा टेबलावरील व्हाइसमध्यें पकडून, चाक त्यावर आडवें बसवावें व मोटारीच्या सुकाणूप्रमाणें दोन्ही हातांनीं डावीकडे वळवावें. चाकाचा घेर हीच तेथें तरफ होते.

आतां कॅसेटचें कडें. चाकाकडे उजव्या अंगानें पाहत तें घड्याळाच्या कांट्यांच्या उलट दिशेस फिरविलें म्हणजे सुटतें. सायकलच्या डाव्या पायडलाचे आटे उलटे असतात, हें ज्ञान अर्धवट आठवून येथेंहि उलटे आटे असावेत असें कित्येकांस वाटतें, आणि ते शक्तीनिशीं कडें अधिकच आवळीत बसतात! दिशा बरोबर असली तरी दुसरी अडचण येते. त्या दिशेस फ्रीहब स्वतःच मोकळें फिरतें, म्हणून कडें न सुटतां सगळा गुच्छच गरगर फिरतो. यासाठीं साखळीचा तुकडा जोडलेला एक दांडा मिळतो. त्यास चेन-व्हिप म्हणतात. ती साखळी एका मोठ्या चक्रावर अडकवून तें धरून ठेवावयाचें असतें. चाक उभें करून समोरून पाहतां पान्ह्याचा दांडा डावीकडे व चेन-व्हिपचा उजवीकडे यावा, आणि दोन्ही एकदम खालीं दाबावेत.

कडें बसवितांना साधारण ४० न्यूटन-मीटर पीळ देतात. म्हणजे पाव मीटर लांबीच्या दांड्याच्या टोंकास सुमारें सोळा किलोचा भार. सोडवितांना, विशेषतः गंज असल्यास, याहून पुष्कळ अधिक लागतो. तेव्हां बळापेक्षां दांड्याची लांबी वाढवावी; पान्ह्यावर लोखंडी नळी चढविली तरी चालते. मात्र पान्हा घरांतून निसटला तर कड्याच्या खांचा जातात आणि बोटांचीं सालटीं दांत्यांवर निघतात. म्हणून चाक जखडण्याची लांब दांडी आरपार घालून तिच्या मळसूत्री टोपणानें पान्हा जागीं दाबून ठेवावा, व कडें थोडें हललें कीं ती दांडी लगेच काढावी.

कोंकणपट्टींत किंवा मुंबईच्या पावसाळ्यांत वापरलेल्या सायकलींत आणखी एक कारण संभवतें. पोलाद व अॅल्युमिनियम एकमेकांस लागून असतां मध्यें खारें पाणी शिरलें तर अॅल्युमिनियम कुजून पांढरी भुकटी धरतें व दोन्ही धातु चिकटतात. तेथें गंज सोडविणारें पातळ तेल घालून रात्रभर थांबणें हाच शहाणपणा. चाकास डिस्क-ब्रेक असेल तर त्या चकतीवर एक थेंबहि उडूं देऊं नये. ब्रेक लागेनासा होईल.

कडें निघूनहि चक्रें हलेनात, तर तीं फ्रीहबच्या खांचांत रुतलीं आहेत असें समजावें. पोलादी चक्र अरुंद आणि खालचें अॅल्युमिनियम मऊ. चढावर पायानें दिलेला प्रत्येक रेटा चक्रास खांचेच्या भिंतींत थोडाथोडा घुसवितो. अशा वेळीं मागील बाजूनें, लांकडी ठोकळा मध्यें धरून, चक्रावर समोरासमोरच्या जागीं आळीपाळीनें हलके ठोके द्यावेत. एकाच बाजूस ठोकल्यास चक्र तिरपें होऊन अधिकच अडकतें. निघाल्यावर खांचांच्या कडांस वर आलेले कंगोरे बारीक कानशीनें साफ करावेत.

पुन्हा बसवितांना खांचांस व आट्यांस ग्रीसचा पातळ हात द्यावा. एक खांच इतरांहून निराळ्या रुंदीची असल्यामुळें चक्र एकाच रीतीनें बसतें; बसेना तर तें फिरवून पाहावें, ठोकूं नये. कड्याच्या आंतील अंगास बारीक दांते असतात. शेवटच्या आवळणीस त्यांचा कटकट असा आवाज येतो. तो ऐकून सोडवितांना कांहीं मोडलें असें समजण्याचें कारण नाहीं.