फाइलमधील बदलाची तारीख (युनिक्स)

फाइलमधील बदलाची तारीख म्हणजे फाइलच्या मजकुरात शेवटचा फेरफार केव्हा झाला, याची संगणकाने ठेवलेली नोंद होय. युनिक्स आणि तिच्या धर्तीवरील लिनक्स, मॅकओएस, फ्रीबीएसडी इत्यादी संचालन प्रणालींमध्ये या नोंदीस ‘एमटाइम’ म्हणतात. राखीव प्रती घेणे, जुन्या फाइली हटवणे यांसारखी कामे शेल स्क्रिप्टकडून करवून घेताना या नोंदीचा आधार घेतला जातो. १९७६ साली स्टुअर्ट फेल्डमन यांनी बेल प्रयोगशाळेत तयार केलेली ‘मेक’ ही आज्ञावलीही कोणता भाग पुन्हा बांधावा, हे याच नोंदीवरून ठरवते. मात्र तारीख वाचण्याची रीत सर्व प्रणालींत सारखी नाही. त्यामुळे एका यंत्रावर बिनचूक चालणारी स्क्रिप्ट दुसऱ्या यंत्रावर चुकीची फाइल वगळू किंवा हटवू शकते.

कालनोंदींचे प्रकार

फाइलविषयीची माहिती ‘आयनोड’मध्ये साठवलेली असते. तीत तीन प्रमुख कालनोंदी असतात. ‘एटाइम’ ही फाइल वाचल्याची, ‘एमटाइम’ ही मजकूर बदलल्याची, तर ‘सीटाइम’ ही मालकी, परवानग्या यांसह आयनोडमधील माहिती बदलल्याची वेळ असते. सीटाइम म्हणजे फाइलच्या निर्मितीची वेळ, हा रूढ समज चुकीचा आहे.

या नोंदी १ जानेवारी १९७० च्या मध्यरात्रीपासून, जागतिक प्रमाणवेळेनुसार, मोजलेल्या सेकंदांत असतात. उदाहरणार्थ, १,००,००,००,००० हा आकडा ९ सप्टेंबर २००१ रोजीची ०१:४६:४० ही जागतिक वेळ दर्शवतो. भारतीय प्रमाणवेळेनुसार तेव्हा सकाळचे ०७:१६:४० झाले होते. हा आकडा ३२ बिटांत साठवणाऱ्या जुन्या प्रणालींची मर्यादा १९ जानेवारी २०३८ रोजी संपते.

तारीख वाचण्यातील अडचणी

‘एलएस’ आज्ञेची विस्तृत यादी माणसाने वाचण्यासाठी असते. गेल्या सुमारे सहा महिन्यांत बदललेल्या फाइलीपुढे ती तास-मिनिटे दाखवते, पण वर्ष दाखवत नाही. त्याहून जुन्या फाइलीपुढे वर्ष दिसते, पण तास-मिनिटे गाळली जातात. म्हणून या यादीतून तारीख कापून घेणारी स्क्रिप्ट काही महिन्यांनी त्याच फाइलसाठी वेगळे उत्तर देते.

‘स्टॅट’ ही आज्ञा सेकंदांचा नेमका आकडा देते, परंतु पॉसिक्स प्रमाणकाच्या २००८ च्या आवृत्तीत तिचा समावेश नाही. लिनक्सवरील ग्नू स्टॅटमध्ये मांडणीचा नमुना ‘सी’ या पर्यायाने देतात, तर मॅकओएस व फ्रीबीएसडीवर ‘एफ’ या पर्यायाने. ग्नू स्टॅटमध्ये ‘एफ’चा अर्थ निराळा असून त्याने फाइलऐवजी संपूर्ण फाइल-व्यवस्थेची माहिती मिळते. म्हणून दोन्ही प्रणालींसाठी लिहिलेल्या स्क्रिप्टने ‘सी’ आधी वापरून पाहणे सुरक्षित ठरते. तो पर्याय न जाणणारी स्टॅट सरळ त्रुटी कळवते. उलट क्रमाने मात्र भलतीच माहिती हाती येऊ शकते.

तुलनेची पद्धत

बहुतेक कामांत तारीख वाचण्याची गरजच नसते. दोहोंपैकी नवी फाइल कोणती, एवढे कळले की पुरते. ‘फाइंड’ आज्ञेतील ‘न्यूअर’ ही कसोटी नेमके हेच सांगते आणि ती पॉसिक्समध्ये आहे. ‘टच’ आज्ञेला ‘टी’ पर्यायासह २०२४०६१५०९३० हा आकडा दिल्यास १५ जून २०२४, सकाळी ९:३० ही वेळ असलेली खूणफाइल तयार होते. त्यानंतर बदललेल्या सर्व फाइली ‘न्यूअर’ने शोधता येतात.

राखीव प्रतींसाठी हीच युक्ती वापरतात. नवी खूणफाइल प्रती घेण्यास आरंभ करण्यापूर्वी तयार करावी लागते. ती शेवटी तयार केल्यास, प्रती घेतल्या जात असताना बदललेली फाइल खुणेपेक्षा जुनी ठरते आणि पुढच्या वेळीही सुटून जाते.

फाइंडमधील ‘एमटाइम’ ही कसोटी वय २४ तासांच्या पूर्ण दिवसांत मोजते आणि अपूर्णांक सोडून देते. त्यामुळे ‘+७’ लिहिल्यास साडेसात दिवसांपूर्वीची फाइल सापडत नाही. किमान आठ दिवस पूर्ण व्हावे लागतात.

तारखेची मांडणी

आयएसओ ८६०१ या मानकानुसार तारीख वर्ष, महिना, दिवस या क्रमाने लिहितात. उदा. २०२४-०६-१५. असे लिहिल्यास अक्षरानुक्रम आणि कालानुक्रम एकच होतात. महिन्यांची नावे वापरकर्त्याच्या भाषेनुसार बदलत असल्याने स्क्रिप्टमध्ये ती टाळतात. कालविभाग ‘टीझेड’ या चलातून ठरतो. पॉसिक्स पद्धतीत त्यातील चिन्ह उलटे असते: भारत ग्रिनिचच्या साडेपाच तास पुढे असूनही ‘आयएसटी-५:३०’ असे लिहावे लागते.

मर्यादा

‘सीपी’ आज्ञेने केलेल्या प्रतीवर प्रत करण्याची वेळ पडते. मूळ तारीख राखण्यासाठी ‘पी’ हा पर्याय द्यावा लागतो. ‘टच’ने एमटाइम हवी तशी बदलता येते, मात्र तसे करताना सीटाइम त्या क्षणाची होते. म्हणून एखादा दस्तऐवज अमुक दिवशीच तयार झाला, याचा पुरावा म्हणून केवळ एमटाइम पुरेशी नसते.